कोपरखैरण्याच्या बुधवारच्या मंडळीस

नावं घालू नकोस, असं तुम्ही बजावलंत, म्हणून घालत नाही. पण आभार मानल्यावाचून राहवत नाही.

मोबाइलवरच्या रमीत मुलीच्या फीचे पैसे घालवले, वर घरी धडधडीत खोटं बोललो. रविवारी चर्चमध्ये उपासनेला शेवटच्या बाकावर बसायचो, प्रभुभोजनाआधी, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घ्यायच्या विधीआधी, सटकायच्या बेतानं. (कुणाला कळत नाही असं वाटायचं. सगळ्यांना कळत होतं.) वाशीहून येणाऱ्या मावशींनी एका बुधवारी हाताला धरून बायबल अभ्यासाला बसवलं. रोमकरांस पत्र, 7वा अध्याय. जे करू नये वाटतं तेच हातून घडतं, असं ते पत्र लिहिणारा खुद्द प्रेषित पौल लिहितो, हे चाळिशीत पहिल्यांदा नीट वाचलं. तुमच्यातल्या आजींनी तेच वचन पंडिता रमाबाईंच्या भाषांतरातून वाचलं. पुस्तकात खुणेला बसचं तिकीट होतं, शाई पार उडालेलं. पुढच्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात दंडाज्ञा नाही म्हटलंय, त्यावर माझा विश्वासच बसेना. चार बुधवार आपण तिथेच रेंगाळलो. कुणी घाई केली नाही.

ज्या भावानं ते ॲप माझ्याच हातानं काढायला लावलं आणि महिनाभर रोज रात्री साडेदहाला फोन केला, फक्त 'जेवलास का?' विचारायला, त्याला काय म्हणू? दोनदा घसरलो, तेही आधी त्यालाच सांगितलं. बायकोला खरं सांगायला वर गेलो, तेव्हा तो खाली रिक्षात बसून होता.

मावशी, तुमचा खिम्याचा डबा अजून आमच्याकडेच आहे. या बुधवारी आणतो.