कॅस्ट्रो म्हणजे नुसते बार नव्हेत

रविवारच्या पुरवणीतला सॅन फ्रान्सिस्कोवरचा लेख वाचला. समलिंगी लोकांच्या कॅस्ट्रो वस्तीला त्यात ‘रात्रजीवनासाठी प्रसिद्ध’ म्हणून एका ओळीत उरकलं, याचं वाईट वाटलं. मुलाकडे गेले होते तेव्हा मी तिथे तीनदा जाऊन आले. कोपऱ्यावरच्या ट्विन पीक्स टॅव्हर्न या बारला रस्त्याच्या बाजूने मोठाल्या काचा आहेत. आत पांढऱ्या केसांचे दोन पुरुष हातात हात घेऊन गप्पा मारत बसले होते, येणाऱ्या-जाणाऱ्यांना सहज दिसतील असे. यात विशेष काय, असं वाटेल. पण पोलिसांच्या धाडींच्या भीतीने एके काळी समलिंगी लोकांचे बार खिडक्या झाकून ठेवत. दोन स्त्रियांनी १९७२मध्ये हा जुना बार नव्याने सुरू केला तो उघड्या काचांचा. जवळच, ५७५ कॅस्ट्रो स्ट्रीटवर उघडपणे समलिंगी असलेले नेते हार्वे मिल्क यांचं कॅमेऱ्यांचं दुकान होतं. तिथूनच प्रचार करत ते १९७७मध्ये शहराच्या नगरमंडळावर निवडून आले. २७ नोव्हेंबर १९७८ रोजी त्यांचा खून झाला. त्या रात्री हजारो माणसं मेणबत्त्या घेऊन कॅस्ट्रोतून सिटी हॉलपर्यंत चालत गेली. पुढच्या लेखात त्या दुकानासमोर वाचकांना जरा थांबवा, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, ठाणे