माळाचा तुकडा तेवढा मोडू नका, बाबा

ती. आई-बाबांना सा. न.

परवा दादाचा फोन झाला, म्हणाला खालच्या माळाचा तुकडा यंदा जेसीबी लावून सपाट करायचा, वर तलावातला गाळ टाकायचा आणि मका करायचा, मका इथेनॉलला जातो त्यामुळे भावाची चिंता नाही. तो घाईत होता म्हणून फोनवर मी जास्त बोलले नाही, पण तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये. बाबा, तो तुकडा मोडू नका. काळ्या रानात मका करा, अजून एकरभर वाढवा, मी काही म्हणणार नाही, पण माळ तसाच राहू द्या. का म्हणतेय ते सगळं सांगते, चिडू नका, पूर्ण वाचा.

मी जिथे राहते ना, इथे जर्मनीत ओल्डेनबर्गच्या बाजूला, तिथे गावाबाहेर पडलं की ऑगस्ट-सप्टेंबरात रस्त्याच्या दोन्ही अंगाला नुसता मका, माणसाच्या वर गेलेला, पलीकडचं काही दिसत नाही. हा मका कोणी खात नाही. अख्खं झाड कापून कुट्टी करतात, काही जनावरांना आणि बाकी बायोगॅसच्या टाकीत, त्या गॅसवर वीज करतात. असे प्लांट आज या देशात नऊ हजारांच्या वर आहेत. 2004 ला सरकारने पिकापासून केलेल्या विजेला जादा भाव दिला आणि मग कुरणं नांगरली गेली, पडीक ठेवलेले तुकडे गेले, बांधाकडेचं गवत गेलं. आधी युरोपात मोठ्या शेतकऱ्यांना थोडी जमीन मोकळी ठेवावीच लागायची, तो नियमही 2008 च्या सुमारास उठला. शेवटी मका इतका झाला की 2012 पासून सरकारलाच सांगावं लागलं की नवीन प्लांटमध्ये साठ टक्क्यांच्या वर मका-धान्य चालणार नाही, आणि पुढे ती मर्यादा अजून खाली आणत गेले.

या सगळ्यात इथली टिटवी आणि चंडोल गेले. म्हणजे अगदीच संपले नाहीत, पण आधी जिथे कायम दिसायचे तिथे आता शोधावे लागतात. त्याचं कारण तुम्हाला लगेच कळेल बाबा, तुम्ही रानातलेच आहात. टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते, एप्रिलात मक्याचं रान उघडं असतं म्हणून ती तिथेच बसते आणि मग पेरणीचा ट्रॅक्टर येतो. चंडोल दुसऱ्यांदा अंडी घालायला बघतो तोवर मका डोक्यावर गेलेला असतो, त्याला उतरायला जागाच नाही. आता काही शेतकरी पेरताना मध्येच वीसेक चौरस मीटरचा चौकोन मोकळा सोडतात, चंडोलाला उतरता यावं म्हणून. आणि टिटवीच्या घरट्याच्या दोन बाजूंना बांबूच्या काठ्या रोवतात, ड्रायव्हरला लांबून दिसतात आणि तो वळसा घालून जातो. हे मी स्वतः बघितलंय, चार अंडी, टोकं आत करून ठेवलेली, आजूबाजूला नांगरलेली माती आणि दोन काठ्या. आधी सगळं घालवलं आणि आता पैसे देऊन एकेक घरटं वाचवतायत. आपल्याकडे तर हे सगळं अजून फुकट आहे, आपल्याच गटात आहे.

आई, तुला माहितीये तो माळ. मार्च-एप्रिलमध्ये सरळ चालत गेलं की माळटिटवी ओरडत डोक्यावर येते, आणि अंडी शोधायला गेलं तर पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत, मुरमाच्या खड्यासारखीच. जेसीबी नेमका तेव्हाच लागणार. थंडीत भोवत्या, ते शिकारी पक्षी, येतात लांबून, संध्याकाळी गवतावरून अगदी खालून उडत फिरतात. काळवीटं रेहेकुरीहून आपल्याकडे येतात, आता अभयारण्य म्हणजे केवढं, सव्वादोन चौरस किलोमीटरसुद्धा नाही, ती बिचारी तेवढ्यात कशी राहतील, आजूबाजूच्या माळांवरच जगतात. ती ज्वारी खातात हे मान्य आहे, बाबा रात्री राखणीला जातात तेही मला माहितीये, आणि भरपाईसाठी चकरा मारून तुम्ही किती वैतागता तेही. पण माळ संपला तर ती कुठे जाणार, पिकातच येणार ना.

सोलापूरकडे नान्नजला माळढोकासाठी 1979 ला अभयारण्य केलं, तेव्हा किती पक्षी होते आणि आज काय आहे. अख्ख्या देशात दीडशेच्या आसपास उरलेत म्हणतात, तेही बहुतेक राजस्थानात. सरकारी कागदावर माळ म्हणजे पडीक जमीन. पडीक म्हटलं की कोणालाही वाटतं काहीतरी लावून टाकू.

रतनज्योतीचं, म्हणजे जट्रोफाचं, आठवतंय ना? तेव्हाही हेच सांगत होते, पडीक जमिनीत लावा, पाणी लागत नाही, डिझेल होणार आहे. आपल्या शेजाऱ्यांनी दोन एकर लावली, पाण्याशिवाय धड बी धरलंच नाही आणि जे झालं ते विकत घ्यायला कोणी आलं नाही, शेवटी उपटून चुलीत घातली. देशभर बऱ्याच ठिकाणी तसंच झालं.

आता इथेनॉल खरंच चाललंय, ते मी नाकारत नाही. 2014 ला पेट्रोलमध्ये दीड टक्का होतं ते 2025 ला वीस टक्के झालं, आणि आता उसापेक्षा मक्याचं जास्त होतंय. पण भाव आपल्या हातात आहे का? डिसेंबर 2023 ला उसाच्या रसापासून इथेनॉल करायला एका दिवसात बंदी आली, कारखाने बघत बसले, पुढच्या वर्षी परत उठवली. 2024 ला देशाला मका बाहेरून आणावा लागला आणि 2025 ला नवीन मका बाजारात आला तर हमीभाव 2400 आणि बाजार त्याच्या कितीतरी खाली. त्या मुरमाड तुकड्यात गाळ टाकूनही एकरी दहा क्विंटल निघाला तरी खूप झालं. एक टन मक्याचं साधारण 380 लिटर इथेनॉल होतं, आणि ते पेट्रोलपेक्षा कमी चालतं, म्हणजे जवळपास अडीचशे लिटर पेट्रोलइतकं. एक कार तेवढ्यात चारेक हजार किलोमीटर जाईल. एवढ्यासाठी एक एकर माळ, जो एकदा मोडला की आपल्या हयातीत परत होत नाही.

आणि माझी खरी भीती वेगळीच आहे. मका नाही परवडला की दादा तिथे पाइपलाइन नेऊन ऊस लावणार, मला माहितीये तो. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातच आहे की उसापासून एक लिटर इथेनॉलला 2860 लिटरच्या आसपास पाणी लागतं, आणि आपलं बोअर मार्चमध्येच गुळण्या टाकतं. शिवाय ऊस आला की बिबट्या आला. जुन्नर-शिरूरला काय चाललंय ते तुम्ही रोज बातम्यांत बघता, मादी उसातच पिल्लं घालते, तोडणीला सापडतात. आपल्याकडे माळावर लांडगा होता, तो मेंढरामागे जायचा, माणसाला कधी त्रास नाही. तो तुकडा घर आणि गोठ्याला लागून आहे, आई पहाटे अंधारात धारेला जाते, बाबा रात्रीच्या लाइटीला मोटर चालू करायला एकटे जातात. मी इथे बसून हा विचार करून झोपू शकत नाही.

माळातून काहीच मिळत नाही असंही नाही. मारवेल-पवन्याचं गवत दोन म्हशींना पावसाळाभर पुरतं, आणि धनगर त्या गवतासाठीच थांबतात, म्हणून आपल्या काळ्या रानात मेंढरं बसतात. ते खत विकत घ्यायला गेलं तर किती होईल ते बाबांनीच सांगावं.

दादाला मी वेगळा फोन करते. जेसीबीवाल्याला ॲडव्हान्स दिला असेल तर तो काळ्या रानातली फुटलेली ताल दुरुस्त करायला वापरा, गाळही तिथेच टाका, तिथे दुप्पट फायदा होईल. त्या तुकड्यातून मक्याचे जेवढे पैसे धरलेत तेवढे मी दरवर्षी पाठवीन, हे मी विचार करून लिहितेय, दादालाही सांगा. मे अखेर येतेय, तोपर्यंत तरी तिकडे मशीन लावू नका.

आई, गुडघ्याचं तेल संपलं असेल तर सांग, आणि बाबांची बीपीची गोळी चुकवू देऊ नकोस.

तुमची,
सुवर्णा