जुन्या डिझेल गाड्यांचा पांढरा धूर

महोदय,

थंड इंजिन सुरू करताना जुनी डिझेल जीप पांढरा धूर सोडून खडखडली, की अनेक मेकॅनिक थेट डिझेल पंप (इंजिनात दाबाने डिझेल पाठवणारा) उतरवायला सांगतात. त्याची घाई नको. धुराला कच्च्या डिझेलचा वास असेल तर आधी हीटर प्लग, म्हणजे थंड इंजिन सुरू होण्याआधी आतून तापवणारे प्लग, तपासावेत. सगळ्या प्लगना वरून जोडणारी पट्टी काढावी, बारा व्होल्टच्या टेस्ट लॅम्पची एक वायर बॅटरीच्या प्लसला लावावी, दुसरी प्रत्येक प्लगच्या टोकाला. दिवा लागला नाही तो प्लग मेला. काम अर्ध्या तासाचे, खर्च किरकोळ!

पावसाळ्यात टाकी भरलेली ठेवावी. रिकाम्या जागेतल्या दमट हवेचे पाणी होते. ते साचते त्या डिझेल फिल्टरखालचा बोल्ट सैल करून पाणी जाऊन स्वच्छ डिझेल येईपर्यंत सोडावे. नंतर आत शिरलेली हवा काढण्यासाठी फिल्टरवरचा एअर स्क्रू ढिला करून डिझेलचा छोटा हातपंप मारावा आणि बुडबुडे थांबले की डिझेल वाहत असतानाच स्क्रू आवळावा. बोल्ट-स्क्रूखालचे तांब्याचे वॉशर नवेच घालावेत, जुन्यांतून हवा शिरते.

डिझेलमध्ये रॉकेल मात्र कधीच मिसळू नये. रोटरी प्रकारच्या डिझेल पंपाला वंगण डिझेलचेच असते. रॉकेलने तो आतून घासतो आणि मग खरोखरच उतरवावा लागतो.

– एक वाचक, रत्नागिरी