शुक्रवारच्या कॅपबद्दल

प्रिय मित्रा,

तुझा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. स्वतः टाकलेल्या पहिल्या इम्प्लांटवर, म्हणजे हाडातल्या दाताच्या कृत्रिम मुळावर, शुक्रवारी दाताची कॅप बसवतोयस, ऐकून फार बरं वाटलं रे. सिमेंट कुठलं वापरू असं विचारलंस, ते सांगतोच, पण आधी माझ्या हातून काय झालं होतं ते ऐक, फोनवर हे मी तुला कधी बोललो नाही.

तीनेक वर्षांपूर्वी एसटीतून रिटायर झालेले एक काका होते, खालची उजवी पहिली दाढ. इम्प्लांट छान धरला होता, झिर्कोनियाची, म्हणजे पांढऱ्या सिरॅमिकची, कॅप आली, आणि मी आपल्या नेहमीच्या दाताला लावतो तसंच वाटी भरावी तसं रेझिन सिमेंट भरून कॅप दाबून बसवली. कडेने आलेलं साफ केलं, फ्लॉस फिरवला, आरव्हीजी, म्हणजे दाताचा डिजिटल एक्स-रे, काढला, सगळं क्लीन. वर्षभराने काका आले, ब्रश करताना रक्त येतंय म्हणाले. हिरडीची खोली मोजायचा प्रोब घातला तर ७ मिलिमीटर आत गेला आणि काढताना मागून पस आला. हिरडी उघडली तर गालाच्या बाजूला अबटमेंटला, म्हणजे इम्प्लांटवर स्क्रूने बसवलेल्या कॅपखालच्या खुंटाला, चिकटून तांदळाच्या कणीएवढा सिमेंटचा तुकडा, पिवळट, इतका टणक की सुटताना टक् असा आवाज आला. आरव्हीजीत तो दिसणार कसा, इम्प्लांटच्याच सावलीत बसला होता. काकांना सगळं खरं सांगितलं, चूक माझी आहे म्हणालो, पुढच्या ट्रीटमेंटचे पैसे घेतले नाहीत. इम्प्लांट वाचला, पण गेलेलं हाड काही परत आलं नाही, आणि ते अजून मनाला लागतं.

दाताला हिरडीचे तंतू आडवे येऊन मुळात रुतलेले असतात, ते सिमेंटला अडवतात. इम्प्लांटभोवती तेच तंतू नुसते उभे नाहीतर गोल फिरलेले, धरून ठेवणारं काही नाही, त्यामुळे कॅप दाबली की जास्तीचं सिमेंट सरळ खाली हाडाकडे जातं. २००९ मध्ये विल्सन या डेंटिस्टने एंडोस्कोप, म्हणजे बारीक कॅमेरा, आत घालून बघितलं, तर ज्या इम्प्लांटभोवती सूज, रक्त असं काही होतं त्यातल्या ८१ टक्के ठिकाणी सिमेंट उरलेलं सापडलं, आणि ते काढल्यावर ७४ टक्के इम्प्लांटची तक्रार गेली. आणि मार्जिन, म्हणजे कॅपची खालची कड, हिरडीखाली जितकं खोल तितकं सिमेंट जास्त उरतं, हे लिथुआनियाच्या लिंकेविशियस या डेंटिस्टने दाखवलंय. माझ्या केसमध्ये मार्जिन चांगलं ३ मिलिमीटर खाली होतं, लॅबने स्टॉक, म्हणजे तयार मापाच्या, अबटमेंटवर करून दिलं आणि मी काही न बोलता घेतलं.

म्हणून तुझं मार्जिन आत्ताच बघ. तुझा वरचा प्रीमोलर, म्हणजे सुळ्यामागचा दात, आहे, हसताना दिसतो, तर १ मिलिमीटर खाली चालेल, त्याहून खोल असेल तर कस्टम, म्हणजे पेशंटच्या मापाचं, अबटमेंट करून घे, पेशंटला आठ दिवस थांबवलंस तरी हरकत नाही. स्क्रूचं भोक चावायच्या बाजूला येत असतं तर मी तुला सिमेंटऐवजी स्क्रूने बसणारी कॅपच कर म्हटलं असतं, पण तुझं भोक गालाकडे निघतंय म्हणालास.

आता बसवायचं कसं. हार्डवेअरच्या दुकानातली नळाची पांढरी टेफ्लॉन टेप आण. कॅपच्या आत तिचा एकच थर नीट बसव, त्यात बाइट रजिस्ट्रेशनचं, म्हणजे चाव्याचं माप घ्यायचं, मटेरियल भर, वर धरायला थोडं जास्त ठेव. घट्ट झालं की काढ, टेप सोल, झाली अबटमेंटची कॉपी, फक्त टेपच्या जाडीइतकी बारीक. अबटमेंटचा स्क्रू कंपनीने दिलेल्या टॉर्कला, म्हणजे पिळायच्या ठरलेल्या जोराला, कसला, दहा मिनिटांनी परत कसला, भोकात तीच टेप भरली, की कॅपमध्ये थोडं सिमेंट घेऊन आधी तोंडाबाहेर त्या कॉपीवर दाब. जास्तीचं सगळं तिथेच बाहेर येतं, ते पूस, कॅप ओढून काढ आणि लगेच तोंडात बसव. आत पातळ थर उरलेला असतो, तेवढा पुरतो रे, मीही आधी विश्वास ठेवला नव्हता.

आणि सिमेंट, तर झिंक ऑक्साइडवालं टेम्पररी वापर. अबटमेंटच्या भिंती जवळजवळ सरळ असतात, कॅप धरून राहते, उद्या स्क्रू ढिला झाला तर काढता येते, शिवाय आरव्हीजीत पांढरं दिसतं. अबटमेंट फार बुटकं असेल तर मात्र ग्लास आयनोमर, म्हणजे जास्त पक्कं धरणारं सिमेंट, घे. पंधरा दिवसांनी परत बोलाव, हलकं प्रोब कर.

शुक्रवारी सकाळी माझी ओपीडी मोकळी ठेवतोय, अडलं तर व्हिडिओ कॉल कर. आणि ट्राय-इनचा, म्हणजे कॅप नुसती बसवून बघतानाचा, फोटो आजच रात्री पाठव, मार्जिन मला बघू दे.

तुझाच