भीती सैतानाची की घरच्यांची?

‘रोझमेरीज बेबी’ या कादंबरीवरील वाचकांच्या प्रतिक्रिया (रविवार पुरवणी) वाचल्या. ‘शेवटची पाने येईपर्यंत काही घडतच नाही’ आणि ‘नायिका फारच भोळी’ हे दोन्ही आक्षेप पटले नाहीत. आयरा लेविन यांच्या १९६७ सालच्या या कादंबरीत भयंकर ते सगळे शेवटाच्या कितीतरी आधीच घडते, फक्त त्यात भूत दिसत नाही.

गरोदर रोझमेरीला नामांकित डॉक्टर बजावतो : पुस्तके वाचू नका, मैत्रिणींचे ऐकू नका. शेजारीण रोज आपल्या हातचे पेय आणून देते, ते ती मुकाट्याने पिते. आठवडेच्या आठवडे पोट दुखते, ती खंगत जाते. उत्तर एकच, थांबेल आपोआप. तिला भोळी म्हणणाऱ्यांनी आपल्या नागपूरच्या महाल-इतवारीतल्या घरांत जरा डोकावावे. ‘या दिवसांत असं होतंच’ म्हणून हातात काढ्याचा पेला ठेवला, की नोकरी करणारी, शिकलेली सूनही तो निमूट संपवते.

सैतानाच्या बाळाचा काळा पाळणा दाखवणारा शेवट थोडा भडक आहे, हे मान्य. पण त्याआधी रोझमेरी धीर करून दुसऱ्या डॉक्टरकडे जाते. तो सगळे शांतपणे ऐकून घेतो, तिला पडून राहायला सांगतो आणि तिच्या नवऱ्याला व त्याच जुन्या डॉक्टरला बोलावून घेतो. नारायण धारप-रत्नाकर मतकरींच्या भयकथांवर पोसलेल्या मला त्या काळ्या पाळण्यापेक्षा हा प्रसंग अधिक अंगावर आला.

– एक वाचक, धरमपेठ, नागपूर