टाइमशीटमध्ये न दिसणारे तास

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दुकानं आणि आस्थापनांमध्ये रोजचे 9 तासांचे 10 तास करायला राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2025 मध्ये मंजुरी दिली तेव्हापासून पेपरात, टीव्हीवर, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर एकच वाद चाललाय की 9 तास बरोबर का 10 तास बरोबर. मी पुण्यात एका कन्सल्टिंग फर्ममध्ये, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांना सल्ला देणाऱ्या कंपनीत, काम करतो आणि हा वाद वाचून मला आतून त्रास होतो, कारण आमच्या टीममधली मुलं सकाळी साडेनऊला लॉगिन करतात आणि रात्री साडेअकराला मॅनेजरचा मेसेज येतो की डेकमधल्या (प्रेझेंटेशनमधल्या) दोन स्लाइड बदलून दे, क्लायंटला सकाळी पाठवायचंय, ते करून झोपायला दीड वाजतो आणि शुक्रवारी टाइमशीट, म्हणजे कामाच्या तासांचा तक्ता, भरताना त्या दिवसापुढे लिहायचे असतात 8 तास. मला जे काही सांगायचंय ते या 8 आकड्याबद्दल आहे. वर्क कल्चर खराब, मॅनेजर वाईट, हे सगळं लोक बोलतात आणि ते खरंही आहे, पण त्याचं मूळ कुठे आहे हे बाहेरच्या माणसाला कळत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

कन्सल्टिंग फर्म माणसांचे तास विकते. क्लायंटला प्रपोजल देताना पार्टनर, म्हणजे फर्मचा भागीदार, सांगतो की एवढी माणसं, एवढे आठवडे, एवढी फी. समजा चार माणसं, आठ आठवडे, आठवड्याला 45 तास, म्हणजे झाले 1,440 तास. आता समोर दुसऱ्या तीन फर्म पण त्याच कामावर डोळा ठेवून असतात, त्यामुळे काम मिळवायचं तर फी कमी करायची आणि फी कमी करायची तर कागदावरचे तास कमी दाखवायचे. काम मात्र तेवढंच राहतं, उलट क्लायंट अधूनमधून वाढवतोच, हे पण करून द्या ना म्हणून, आणि क्लायंटला नाही म्हणायची आमच्याकडे पद्धतच नाही. मग ती चार मुलं आठवड्याला 45 च्या ऐवजी 70 तास बसतात. हिशोब करा, 2,240 तास होतात. वरचे 800 तास कुठे गेले? कुठेच नाही. प्रोजेक्टच्या कोडवर, म्हणजे त्याच्या हिशोबात, ते टाकले तर बजेट ओव्हर होतं, मार्जिन पडतं, आणि मार्जिनवर मॅनेजरचं रेटिंग आणि पार्टनरचा हिस्सा असतो. म्हणून मॅनेजर तोंडी सांगतो की 8 च टाक. मेलवर कधीच लिहून देत नाही, कॉलवर सांगतो, नाहीतर चहाला खाली गेल्यावर. कोणी चुकून 11 टाकले तर टाइमशीट परत येते आणि वर ऐकायला मिळतं की तुला एवढा वेळ का लागतो, एफिशियन्सी वाढव.

आणि यातली सगळ्यात वाईट गोष्ट पुढे आहे. सहा महिन्यांनी तसंच दुसरं काम येतं तेव्हा मागच्या प्रोजेक्टचा डेटा काढतात आणि म्हणतात, बघा, मागच्या वेळी 1,440 तासात झालं होतं, यावेळी टीमला अनुभव आहे, 1,300 मध्ये होईल. म्हणजे आधीच्या मुलांनी रात्री जागून दिलेले तास कुठे लिहिलेच नाहीत म्हणून नंतरच्या मुलांना आणखी कमी तास मिळतात. हे दरवर्षी होतं आणि दरवर्षी घट्ट होत जातं. त्यामुळे कोणी मला म्हणतं ना की अमुक मॅनेजर चांगला आहे त्याच्या टीममध्ये जा, तेव्हा मी सांगतो की चांगला मॅनेजर पण याच आकड्यांमध्ये अडकलेला असतो, तो फार तर प्रेमाने सांगेल 8 टाक म्हणून.

माझे वडील पिंपरीतल्या एका कंपनीत कामगार होते. गेटवर कार्ड पंच व्हायचं, आत जाताना आणि बाहेर येताना, आणि ओव्हरटाइम झाला की पगाराच्या स्लिपवर तो वेगळा दिसायचा, डबल रेटने. युनियन होती, त्यांचं सुपरवायझरशी भांडण व्हायचं, पण किती तास काम केलं यावर भांडण कधी झालं नाही कारण ते कार्डावर होतं. मला वडिलांपेक्षा पगार कितीतरी जास्त आहे, एसी ऑफिस आहे, पण मी किती तास काम केलं याचा खरा कागद जगात कुठेच नाही. वडिलांना हे सांगितलं तर ते म्हणतात असं कसं चालतं, आणि मला उत्तर देता येत नाही.

कल्चरबद्दल लोक विचारतात तर ते असं आहे. संध्याकाळी सातला बॅग उचलली की कोणीतरी म्हणतं आज हाफ डे का. गणपतीत गावाला जायची सुट्टी दोन महिने आधी मंजूर झालेली असते आणि आदल्या आठवड्यात विचारतात लॅपटॉप नेतोयस ना. आजारी पडलं तरी तेच, आराम कर पण कॉलला नुसतं जॉइन हो, कॅमेरा बंद ठेवला तरी चालेल. ओरडत कोणी नाही आमच्याकडे, हे लोकांना पटत नाही, त्यांना वाटतं बॉस म्हणजे ओरडणारा. आमच्याकडे अगदी शांत आवाजात सांगतात की मला तुझ्याकडून जास्त अपेक्षा होती. पंचविशीतल्या मुलीला, जी लातूर-नांदेडकडून शिकून आलीये, घरात पहिली कॉर्पोरेटमध्ये लागलीये, तिला हे वाक्य रात्री झोपू देत नाही. मी अशा मुलींना आणि मुलांना ऑफिसच्या जिन्यात रडताना बघितलंय. मग अप्रेझल येतं, त्यात बेल कर्व्ह असतो म्हणजे टीममध्ये सगळ्यांनी जीव तोडून काम केलं तरी कोणाला तरी खालचं रेटिंग द्यावंच लागतं, आणि ते बहुतेक वेळा त्याला जातं जो सातला निघत होता. सोडून जा म्हणणं सोपं आहे. 90 दिवसांचा नोटीस पिरियड असतो, नव्या कंपनीला लगेच माणूस पाहिजे असतो, घराचा हप्ता चालू असतो.

दरवर्षी एक सर्व्हे येतो, निनावी म्हणतात. त्यात पहिले प्रश्न असतात शहर कोणतं, डिपार्टमेंट कोणतं, ग्रेड कोणती, जॉइनिंगचं वर्ष कोणतं. एवढी माहिती दिल्यावर आमच्या टीममध्ये मी एकटाच उरतो. मग खरं कोण लिहिणार? सगळे पाचपैकी चार देतात आणि नंतर टाउनहॉलमध्ये, म्हणजे सगळ्या ऑफिसच्या सभेत, तो आकडा मोठ्या स्क्रीनवर दाखवतात की आपले लोक खूश आहेत. मला याचा राग येतो, कारण एचआरमधल्या लोकांना हे माहीत असतं, त्यांच्यातलेही रात्री अकरापर्यंत बसलेले असतात.

जुलै 2024 मध्ये ईवाय या मोठ्या ऑडिट-कन्सल्टिंग कंपनीच्या पुणे ऑफिसमध्ये काम करणारी 26 वर्षांची सीए मुलगी गेली. केरळची होती, मार्चमध्ये जॉइन झाली होती, चार महिने. तिच्या आईने कंपनीच्या भारतातल्या प्रमुखांना लिहिलेलं पत्र सप्टेंबरमध्ये सगळ्या देशाने वाचलं, त्यात कामाच्या ताणाबद्दल होतं आणि मुलीच्या अंत्यविधीला ऑफिसमधून कोणी आलं नाही हेही होतं. कामाच्या ताणाने जीव गेला हे कंपनीने मान्य केलं नाही. वैद्यकीय कारण काय होतं ते ठरवणारा मी कोणी नाही, त्या आईवडिलांच्या दुःखावर मी काही बोलणारही नाही. पण त्यानंतर कामगार खात्याचे अधिकारी त्या ऑफिसात गेले आणि तेव्हाच्या बातम्यांमध्ये आलं की ऑफिस 2007 पासून चालू आहे आणि दुकाने व आस्थापना कायद्याखाली त्याची नोंदणीच नाही, फेब्रुवारी 2024 मध्ये अर्ज केला होता तो एवढा उशीर का म्हणून नाकारला गेला होता. सतरा वर्षं. पुण्यासारख्या शहरात एवढ्या नावाजलेल्या कंपनीचं ऑफिस, रोज शेकडो लोक आत-बाहेर करतायत, आणि सतरा वर्षं कोणी विचारलं नाही की तुमचं रजिस्ट्रेशन कुठे आहे. त्या महिन्यात सगळीकडे चर्चा झाली, केंद्रीय मंत्री बोलले, मानवाधिकार आयोगाने दखल घेतली, आमच्या ऑफिसात पण मेंटल हेल्थवर वेबिनार झालं, संध्याकाळी सहाला, ते संपल्यावर सगळे परत कामाला बसले.

कायदा नाहीये असं नाही. महाराष्ट्राचा 2017 चा कायदा नीट वाचला तर दिवसाला 9, आठवड्याला 48 तास, त्यापुढे डबल पगार, आणि ओव्हरटाइम पण तीन महिन्यात 125 तासांपेक्षा जास्त नाही, आता नव्या बदलात दिवसाचे 10 आणि ओव्हरटाइमचे 144 केलेत. वर ज्या 70 तासांच्या आठवड्याचं मी सांगितलं त्यात रोजच्या मर्यादेचं सोडा, नुसती आठवड्याची धरली तरी दर आठवड्याला 22 तास जास्तीचे होतात, म्हणजे तीन महिन्यांचा 144 चा कोटा सात आठवड्यांच्या आत संपतो. गो-लाइव्हच्या, म्हणजे क्लायंटकडे काम प्रत्यक्ष चालू व्हायच्या, महिन्यात तर 84 तास पण होतात, तेव्हा तो चार आठवड्यातच संपतो. पण टाइमशीटवर 8 लिहिलंय ना, मग कायदा मोडलाच नाही! म्हणून मी म्हणतो की 9 का 10 हा वाद आमच्यासाठी बिनकामाचा आहे, आकडा खराच लिहिला जात नसेल तर मर्यादा 6 ठेवा नाहीतर 16 ठेवा.

दुसरी एक गोष्ट फार कमी लोकांना माहितीये. याच कायद्यात गोपनीय, व्यवस्थापकीय किंवा देखरेखीच्या पदावरच्या माणसांना सूट दिलेली आहे, म्हणजे त्यांना हे तासांचे नियम लागू नाहीत. आमच्याकडे दोन-तीन वर्षांत पदाच्या नावात मॅनेजर किंवा लीड येतं, हाताखाली एकही माणूस नसतो, सुट्टी मंजूर करायचा अधिकार नाही, शंभर रुपयांचं बिल पास करायचा अधिकार नाही, पण ओव्हरटाइमचं विचारलं की एचआर सांगतं तुम्ही मॅनेजमेंटमध्ये येता. पण त्याच कलमात असंही आहे की अशा पदांची यादी कंपनीने आपल्या वेबसाइटवर लावायची आणि एक प्रत सरकारी सुविधाकाराला पाठवायची, सुविधाकार म्हणजे जुना इन्स्पेक्टर. मी आमच्या कंपनीच्या साइटवर खूप शोधलं, मला सापडली नाही. ही यादी प्रत्येक कंपनीला लावायला लावली तरी अर्ध्या लोकांना पहिल्यांदा कळेल की आपण कायद्याच्या आत आहोत का बाहेर.

खासदार सुप्रिया सुळे यांनी ऑफिस सुटल्यावर फोन-मेलला उत्तर न देण्याच्या हक्काचं खासगी विधेयक 2018 मध्ये मांडलं होतं आणि डिसेंबर 2025 मध्ये परत मांडलं. खासगी विधेयकं क्वचितच पास होतात, तरी मांडलं हे बरं झालं, निदान विषय संसदेत गेला. दुसऱ्या बाजूला मोठमोठे उद्योगपती 70 तास, 90 तास काम करा असं जाहीर सांगतात. माझं त्यांना एवढंच म्हणणं आहे की ठीक आहे, 70 हवेत ना, मग 70 लिहू द्या आणि वरच्या 22 तासांचे डबल पैसे द्या. जो तास लिहिला जातो त्याची किंमत मोजावी लागते, आणि किंमत मोजावी लागली की पार्टनर आपोआप चारच्या ऐवजी सहा माणसांचं प्रपोजल करेल. त्यात आणखी दोन मुलांना नोकरी पण लागेल, आपल्याकडे इंजिनिअर झालेली किती पोरं घरी बसलीयेत.

खरे तास शोधणं अवघड अजिबात नाही. आमचा लॅपटॉप कधी चालू झाला, व्हीपीएन (घरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारी सोय) कधी जोडलं, रात्री एकला कोणती फाइल सेव्ह केली, सगळं कंपनीच्या सर्व्हरवर पडलेलं असतं, आम्ही काम कमी केलं तर हाच डेटा काढून दाखवतात. सुविधाकाराने तपासणीला येताना कुठल्याही एका प्रोजेक्टची एका महिन्याची टाइमशीट आणि त्याच महिन्याचा लॉगिनचा डेटा एवढंच मागावं आणि शेजारी शेजारी ठेवावं. कोणाला बोलवून जबाब घ्यायची गरज नाही, घाबरलेली मुलं जबाब देणारही नाहीत.

तुमच्या पेपरला माझी विनंती आहे. पुण्याच्या अपर कामगार आयुक्त कार्यालयाला माहितीच्या अधिकारात तीन गोष्टी विचारा, शहरातल्या किती कन्सल्टिंग आणि ऑडिट फर्मची या कायद्याखाली नोंदणी आहे, त्यातल्या कितींनी सूट असलेल्या पदांची यादी पाठवली आहे, आणि सप्टेंबर 2024 नंतर यातल्या किती ऑफिसांची तपासणी झाली. हा अर्ज मी स्वतः केला असता पण अर्जावर नाव-पत्ता लागतो आणि आमच्या अपॉइंटमेंट लेटरमध्ये कंपनीविषयी बाहेर बोलायला मनाई आहे. पेपरला ती अडचण नाही. उत्तर येईल ते आतल्या पानावर छापलं तरी चालेल, खराडी, बाणेर, हिंजवडीत ते कापून फोटो काढून फिरवणारे आम्ही खूप जण आहोत.

आपला,
एक वाचक, खराडी, पुणे
(कृपया नाव छापू नये)