धागा ओढायचा नसतो

मिरज,
जुलैचा दुसरा रविवार, दुपार

चि. छकुलीस,

आईपप्पांचा सप्रेम सलाम आणि आशीर्वाद.

सोमवारी रात्री तू फोनवर रडलीस आणि मग "काही नाही गं, दमलेय" म्हणून फोन ठेवून दिलास. तेव्हापासून लिहायचं मनात होतं. फोनवर आपलं नीट होत नाही. तू तिकडून 'हं, हं' करतेस आणि मी इकडून उपदेश करत सुटते. कागदावर निदान खोडता तरी येतं.

"आई, मी इतकं करतेय आणि देव लांबच चाललाय असं वाटतं," असं म्हणालीस. त्या रात्री मला झोप आली नाही, म्हणून तुझा आठवडा मनात मांडून बघितला. पहाटे पाचला फोनवरची प्रार्थना, बुधवारी उपास, शुक्रवारी रात्रभर जागून प्रार्थना, शनिवारी वस्तीतल्या पोरांचा वर्ग, रविवारी दोन उपासना. मधे हिंजवडीची नोकरी आणि तिथलं ट्रॅफिक. अगं, यात तू झोपतेस कधी? मावशीच्या मुलीच्या साखरपुड्याला आली नाहीस तेव्हा मला राग आला होता. आता तो गेलाय. थोडा आहे.

तुला एक गोष्ट कधी सांगितली नाही, कारण ती सांगायची लाज वाटते. मी सव्वीस वर्षांची होते, सांगलीत एका खासगी दवाखान्यात नोकरीला. शिबिराला जाऊन आले होते आणि अंगात नुसती आग होती. तीन दिवसांचा उपास धरला, तोही नाईट ड्युटीच्या आठवड्यात, आणि कुणाला सांगितलं नाही. गुपचूप केलेल्या उपासाचं प्रतिफळ जास्त, असा माझा हिशेब. तिसऱ्या रात्री तीनच्या सुमारास इंजेक्शनचा ट्रे घेऊन मी भलत्याच कॉटजवळ उभी राहिले. म्हातारा शेतकरी होता, तासगावकडचा. त्यानंच हात मागं घेतला. "सिस्टर, मला सुई नसती रात्रीची." बस, एवढ्यावर वाचलो, तो आणि मी दोघंही.

आमच्या इन्चार्ज सिस्टर केरळच्या, मराठी मोडकंतोडकं. त्यांनी मला पँट्रीत नेलं, चहात बुडवून दोन टोस्ट खायला लावले आणि मग विचारलं, "उपास कुणासाठी? देवासाठी? देव नऊ नंबरला झोपला आहे. तू त्याला चुकीचं इंजेक्शन देणार होती." मी रडत रडत माझी चूक रजिस्टरात लिहिली. त्यानंतर उपास सोडले नाहीत, पण ड्युटीच्या आठवड्यात कधी धरले नाहीत.

तुझ्या आजीनं वॉनलेसमध्ये नर्सिंग केलं, हे तुला ठाऊक आहे. डॉक्टर विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेत तो दवाखाना सुरू केला, तेव्हापासून चारी दिशांची माणसं इथे ऑपरेशनला येत आली. आजी सांगायची, थिएटरमध्ये टेबलावरच्या माणसासाठी आधी प्रार्थना व्हायची. पण पुढचं वाक्य ती कधी गाळत नसे: "प्रार्थना झाली म्हणून कुणी हात धुवायचे राहिले नाहीत." प्रार्थना हात धुण्याच्या बदली नसते आणि हात धुणं प्रार्थनेच्या बदली नसतं. घरात हे एवढ्यांदा ऐकलं, तरी मी नऊ नंबरपर्यंत गेलेच.

आता एलीया संदेष्ट्याचं घे. बायबलमधल्या पहिल्या राजांच्या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायातलं. आदल्या अध्यायात कर्मेल डोंगरावर बआल दैवताच्या साडेचारशे संदेष्ट्यांसमोर उभा राहिलेला माणूस, इथे रतामाच्या झुडपाखाली बसून म्हणतो, पुरे झालं, माझा जीव घे. मी हे कितीतरी वर्षं त्याच्या अविश्वासाचा धडा म्हणून ऐकलं. नर्सच्या नजरेनं वाच एकदा. देवदूत त्याला झापत नाही, वचन सांगत नाही, प्रार्थना वाढव म्हणत नाही. उठवतो आणि निखाऱ्यावरची भाकर नि पाणी देतो. एलीया खातो आणि परत झोपतो. दुसऱ्यांदा उठवतो, परत खायला घालतो, का तर वाट लांबची आहे. मंद, हलका आवाज ऐकू येतो तो त्यानंतर, होरेब डोंगरावर. वारा झाला, भूकंप झाला, अग्नी झाला, त्यात परमेश्वर नव्हता. पण त्या आवाजाच्या आधी दोन झोपा आणि दोन जेवणं आहेत, ती आपण वाचताना उडी मारून जातो. तू सध्या झुडपाखाली आहेस आणि स्वतःला होरेबावर असल्यासारखं हाकतेस, असं मला वाटतं. माझं चुकतही असेल.

तुझी मैत्रीण म्हणते, केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली आध्यात्मिक जागृती आली ती रात्र-रात्र प्रार्थना केल्यामुळेच. खरं आहे, मुलींनी तशी प्रार्थना केली. पण त्याच मुक्तीत शेत होतं, माग होते, तेलाचा घाणा होता, छापखाना होता. पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीकवरून शास्त्राचं मराठी भाषांतर करत बसल्या होत्या, आणि एप्रिल १९२२ मध्ये गेल्या तेव्हा अगदी शेवटची प्रुफं तपासून गेल्या. तिला सांग, रमाबाईंचं सगळंच घ्यावं. अर्धं घेऊन चालत नाही.

आता खरं सांगायचं ते. गेल्या गुरुवारी पप्पा चर्चचा तंबोरा जवारी काढायला, म्हणजे आवाज उघडून घ्यायला, सतारमेकर गल्लीत घेऊन गेले, मीही गेले बरोबर. पावसात तो अगदी बसला होता. आवाज ठोकळ, लाकडावर बोट वाजवल्यासारखा. तुला तो आठवत असेल. तू दहा वर्षांची असताना त्याच्या भोपळ्याला गाल लावून बसायचीस आणि गुरुजी म्हणायचे, "आधी ऐक, मग गा." दुकानातल्या चाचांनी घोडी, म्हणजे तारा टेकतात ती पट्टी, कानशीनं घासली, इतकी हलकी की डोळ्यांना काही दिसेना. मग तारेखाली सुताचा धागा सरकवायला लागले. त्या धाग्याला जीव म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं! इतकी वर्षं मिरजेत राहून.

धागा थोडा पुढे गेला की तार मुकी. थोडा मागे आला की पुन्हा मुकी. मधेच कुठेतरी एका केसाएवढ्या जागेवर आवाज एकदम उघडला, सगळं दुकान भरून गेलं. मी म्हटलं, चाचा, ती जागा मोजून ठेवली तर बरं. ते हसले. "बाई, ती रोज बदलती. हवा बदलली की बदलती. कानानं शोधायची. आणि धागा ओढायचा नसतो, सरकवायचा असतो."

रिक्षात मी पप्पांना म्हटलं, हे छकुलीला लिहायला पाहिजे. पप्पा म्हणाले, "लिही, पण तंबोऱ्याचं प्रवचन करू नकोस." करत नाही. एवढंच लिहिते. गाताना तू तंबोऱ्याकडे सारखं लक्ष देत नव्हतीस. तुझं लक्ष तानेत, शब्दात, पुढच्या समेवर असायचं. तरी सगळं उभं होतं ते त्या चार तारांवर. तो बंद पडला असता तर तुला पहिल्यांदा कळलं असतं. देवाचं सान्निध्य मला असंच कळत आलं आहे. दिवसभर 'आता जाणवतंय का, आता जाणवतंय का' म्हणून तपासायचं नसतं. पहाटे बसून तारा लावायच्या आणि उठून कामाला लागायचं. तुला पंधरा मिनिटं पुरतील. पंचेचाळीस माणसांच्या फोनवर नाही, एकटीनं. एक स्तोत्र, थोडी शांतता, आणि जे बोलायचं ते मराठीत. अलीकडे तू प्रार्थना करताना इंग्रजीत जातेस. ते का, हे मला विचारायचं आहे, पण भेटल्यावर.

गाणं तू सोडलंस ते मला सगळ्यात जास्त लागलं. राग-ताल हे आपलं संगीत नव्हे, असं तुला तिकडे कुणीतरी सांगितलं म्हणे. मग नारायण वामन टिळकांचं काय करायचं? १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेला माणूस, तुकोबा मनात मुरलेला. त्यानं अभंग आणि कीर्तनं ख्रिस्ताच्या पायाशी आणून ठेवली, आणि आपण ती आजही उपासनेत म्हणतो. आयुष्याच्या शेवटी, १९१७ मध्ये, मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला, बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या ख्रिस्तशिष्यांसाठी. दोन वर्षांत ते गेले. पप्पांचे आजोबा साताऱ्याचे, त्यामुळे आमच्या घरात त्या नावाला अजून वजन आहे. मला तर तो शब्दच आवडतो. दरबारात हजर राहायचं असतं. धावपळ करणारे तिथेही असतात, पण ते चाकर. तू लेक आहेस.

मार्था आणि मरीयेचं तू म्हणशील आता, प्रभू घरी आला तेव्हा मरीया त्याच्या पायाशी ऐकत बसली आणि मार्था कामात गुंतली. अगं, मार्थेवर मला दया येते, कारण स्वयंपाक कुणीतरी करायचाच होता. प्रभूनं तिला काम करू नकोस म्हटलं नाही. पुष्कळ गोष्टींची काळजी करतेस, धडपडतेस, असं म्हटलं. तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी पॅरिसच्या एका मठात ब्रदर लॉरेन्स नावाचा साधू होता. आधी शिपाई, पायानं अधू. मठात त्याला स्वयंपाकघरात घातलं, आणि त्याला ते काम मुळीच आवडत नसे. तोच माणूस पुढे सांगायचा की भांड्यांच्या खडखडाटात आणि गुडघ्यावर असताना देव मला सारखाच भेटतो. लोक एवढंच सांगतात. पण त्याची पहिली दहाएक वर्षं फार ओढाताणीत गेली, हेही त्यानंच सांगून ठेवलंय. तुला या वाटेवर अजून दोनच वर्षं झालीत.

वस्तीतला शनिवारचा वर्ग सोडू नकोस. त्या पोरांबद्दल बोलताना तुझा आवाज पहिल्यासारखा होतो, ते मी ऐकलंय. शुक्रवारचं जागरण मात्र महिन्यातून एकदा कर. तुमच्या पुढाऱ्यांना पटलं नाही तर माझं नाव सांग, आई जुन्या वळणाची आहे म्हणावं. रविवारी एकच उपासना, आणि नंतर कुणाकडे तरी जेवायला जा नाहीतर कुणाला बोलाव. मंडळी म्हणजे खुर्च्यांच्या रांगा नव्हेत, आमच्या वेळी जेवणाच्या पंक्तीत निम्मी मंडळी घडायची. लॅपटॉप त्या दिवशी पिशवीत राहू दे. हे सांगायला मला काय जातं, नोकरी तुझी आहे, हे कळतं मला. तरी सांगते.

शिबिरांना जाऊ नकोस असं म्हणत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला पाणी न्यायची रेल्वे मिरजेतून सुटली, ती बघायला पप्पा तुला स्टेशनवर घेऊन गेले होते, आठवतं? पहिल्या गाडीला दहा डबे, पाच लाख लिटर कृष्णेचं पाणी. नंतर पन्नास डब्यांच्या गाड्या गेल्या. लोक हात जोडून बघत होते. त्या उन्हाळ्यात लातूरला ते पाणी म्हणजे जीवच होता. पण रेल्वेनं पाणी येतंय म्हणून लातूरकरांनी विहिरी बुजवल्या नाहीत. तुझी आडातली दोरी गेल्या वर्षभरात कोरडी पडलीय, आणि तू पुढच्या गाडीचं वेळापत्रक बघत बसली आहेस.

झालं, मी उपदेश करत सुटलेच. खोडत नाही आता, पप्पा म्हणतात राहू दे.

पुढच्या शनिवारच्या वर्गाला कुणीतरी उभं राहील का बघ, आणि कोयनेनं ये. पप्पा स्टेशनवर येतील. मी काळ्या वाटाण्याची आमटी आणि भाकरी करून ठेवते. आल्यावर दोन दिवस नुसती झोप, कुणी उठवणार नाही. रविवारी पाळक साहेबांनी विचारलं की टिळकांचा अभंग कोण म्हणणार, तर मी काही बोलले नाही. तंबोरा आपल्याच घरी आहे, दाराआड, चादरीत गुंडाळलेला. पावसानं पंचमाची तार पुन्हा उतरलीय, आणि मला काही ती लावता येत नाही.

तुझी,
आई